कल्याण बंदर, गोवर्धनचे कोष्टी आणि बाजाराचे स्वातंत्र्य

१९९१ साली भारताने नवे आर्थिक धोरण स्वीकारले आणि मुक्त बाजारपेठ की शासकीय नियंत्रण, हा वाद तीव्र झाला. हा प्रश्न सर्वस्वी आधुनिक आहे असा समज आढळतो. इतिहासाची साक्ष मात्र वेगळी आहे.

इ. स. च्या पहिल्या शतकातील 'पेरिप्लस' या ग्रीक प्रवासवृत्तानुसार थोरल्या 'सरगनस'च्या, म्हणजे बहुधा सातकर्णीच्या, काळात कल्याण ही अधिकृत बाजारपेठ होती. पुढे सत्तांतर झाले, बंदरावर निर्बंध आले आणि तेथे पोहोचलेली ग्रीक जहाजे पहाऱ्यात भडोचला नेली जाऊ लागली. पैठणचे मौल्यवान दगड व तेरचे कापडही गाड्यांतून भडोचलाच जात असे. म्हणजे सागरी व्यापार त्या काळीही केवळ मागणी-पुरवठ्यावर चालत नव्हता. कोणते बंदर नांदेल, हे राजसत्ताही ठरवीत होती.

या व्यापाराच्या मुळाशी असलेला कारागीर त्रिरश्मी लेण्यांतील शिलालेखात भेटतो. नहपानाचा जावई उषवदात याने भिक्षुसंघासाठी ३,००० कार्षापणांची अक्षय ठेव गोवर्धन येथील कोष्ट्यांच्या दोन श्रेणींकडे ठेवली. २,००० वर दरमहा शेकडा १ आणि १,००० वर पाऊण असे व्याज ठरले. पहिल्या ठेवीचे वार्षिक व्याज २४० कार्षापण होते. त्यातून वर्षावासातील २० भिक्षूंना चीवरासाठी प्रत्येकी १२ कार्षापण मिळावयाचे. हा व्यवहार निगमसभेत जाहीर करून नोंदविण्यात आला. विश्वास होता, परंतु त्याला सार्वजनिक नोंदीचा आधारही होता. दात्याचे नाव दगडावर कोरले गेले. व्याज फेडणाऱ्या एकाही कोष्ट्याचे नाव तेथे नाही. मागणी घटल्यास सवलत देण्याची अटही नाही.

या अनामिक श्रमिकाचा विचार पाली वाङ्मयात आढळतो. दीघनिकायातील कूटदन्तसुत्तात चोऱ्या केवळ शिक्षेने थांबत नाहीत, असे पुरोहित राजाला सांगतो. शेतकऱ्याला बियाणे, व्यापाऱ्याला भांडवल आणि राजसेवकाला अन्न व वेतन द्यावे, हा त्याचा उपाय होय. येथे व्यापाराला विरोध नाही. राज्याला त्याच्या जबाबदारीतून मोकळीक मात्र नाही.

डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी १९४७ साली 'स्टेट्स अँड मायनॉरिटीज'मध्ये हाच प्रश्न संविधानाच्या भाषेत मांडला. मूलभूत उद्योग, शेती व विमा राज्याच्या हाती असावेत आणि ही व्यवस्था संविधानातच नमूद व्हावी, असे त्यांनी सुचविले. राज्य बाजूला झाले की श्रमिक स्वतंत्र होत नाही, तो खासगी मालकाच्या हुकमतीखाली जातो, हे त्यामागील त्यांचे निदान होते. मात्र ही रचना त्यांना संसदीय लोकशाहीतच हवी होती, हुकूमशाहीत नव्हे.

तेव्हा बाजार मुक्त की नियंत्रित, एवढेच विचारून भागणार नाही. बंदर कोणासाठी उघडले, कोणासाठी बंद झाले आणि त्याचा भार कोणाच्या मागावर पडला, हे विचारल्याशिवाय इतिहासाचा धडा पुरा होत नाही.