कुंभोदर : वत्सगुल्मकालीन देहनिंदेविषयी एक टिपण

आजचे वाशीम म्हणजेच वाकाटकांच्या एका शाखेची राजधानी वत्सगुल्म होय, हे १९३९ साली उजेडात आलेल्या दुसऱ्या विंध्यशक्तीच्या ताम्रपटामुळे स्पष्ट झाले. याच शाखेतील हरिषेणाचा सचिव वराहदेव याने पाचव्या शतकाच्या उत्तरार्धात अजिंठ्याचे सोळावे लेणे कोरविले. सतरावे त्याच्या एका मांडलिकाचे. या शाखेचा राजकीय इतिहास म. म. वा. वि. मिराशी यांनी सविस्तर मांडलाच आहे. येथे पाहावयाचे ते इतकेच, की स्थूल देहावर त्या काळी कोण बोले आणि कोणाविषयी बोले.

सतराव्या लेण्यात विश्वंतर जातकाचे विस्तृत चित्रण आहे. दानशूर राजपुत्राची मुले मागून नेणारा ब्राह्मण जूजक हा त्यातील खलपुरुष. पाली गाथेत त्याचे देहदोष ओळीने मोजले असून त्यांत 'कुंभोदर' हाही एक आहे. (चित्रकारापुढे हाच पाठ होता, असा आग्रह नाही.) जूजकाचा खरा अपराध म्हणजे त्याचे क्रौर्य व लोभ, पण गाथा बोट ठेवते ते पोटावर. शेवटी अतिभोजनाने त्याला मरण आणून कथा हा उपहास पुरा करते.

आता दुसऱ्या लेण्यात यावे. वॉल्टर स्पिंक यांच्या कालगणनेनुसार हेही हरिषेणकालीनच. तेथील एका उपगर्भगृहात हारितीशेजारी पांचिक बसला आहे, तर दुसऱ्यात दोन यक्ष. तिघेही पुष्ट, सुटलेल्या पोटांचे. परंतु येथे पोट म्हणजे धनधान्याची ग्वाही, आणि उपासक त्यापुढे नमतो. कालिदासाच्या 'रघुवंशा'त तर दिलीपाला अडविणारा सिंह स्वतःची ओळखच शिवाचा किंकर 'कुंभोदर' अशी करून देतो. जूजकाच्या वाट्याला शिवी म्हणून आलेला शब्द येथे अभिमानाचे नाव होतो.

हे केवळ मूर्तिशास्त्राचे संकेत आहेत, असा आक्षेप घेता येईल. तो अर्धाच खरा आहे. कारण संकेतही कोणीतरी, कोणासाठी तरी ठरविलेले असतात. 'शाकुंतला'च्या दुसऱ्या अंकात मृगयेने मेद झडून उदर कृश होते, अशी स्तुती सेनापती करतो, ती राजासमोर. सहाव्या अंकात पश्चात्तापाने झिजलेला तोच राजा कंचुकीला घासलेल्या रत्नासारखा तेजस्वी दिसतो. राजाचे झिजणेही शोभाच ठरते!

या पार्श्वभूमीवर चरकसंहितेच्या सूत्रस्थानातील एकविसावा अध्याय वाचण्यासारखा आहे. निंदित मानलेल्या आठ देहांत तेथे अतिस्थूल व अतिकृश दोघेही येतात. दोहोंत कार्श्य बरे, असेही चरक म्हणतो. तथापि स्थौल्याची कारणे देताना गुरू व मधुर आहार, व्यायामाचा अभाव, दिवानिद्रा यांच्याबरोबर तो 'बीजस्वभाव' नोंदवितो. म्हणजे हा देह सर्वस्वी खाणाऱ्याच्या स्वाधीन नाही, हे वैद्याला ठाऊक होते. जातककारांना त्या ज्ञानाची गरज पडली नाही. पांचिकाच्या उपासकालाही नाही.

अतिकृशाचे वर्णन करताना याच अध्यायात सुकलेली मान, सुकलेले उदर आणि अंगभर उठलेले शिरांचे जाळे येते. कंचुकीच्या रत्नात ते जाळे कोठेही दिसत नाही.