कॅमेरा जुना, रोल कुठला?

खास प्रतिनिधी

गिरगाव-परळच्या चाळींतून मीरा रोड आणि भाईंदरच्या सोसायट्यांत राहावयास आलेल्या अनेक कुटुंबांच्या सामानात एखादा कॅमेराही आला आणि माळ्यावर विसावला. रंगकामाच्या निमित्ताने तो खाली उतरतो, नातवंडे हाती घेतात आणि पहिला प्रश्न विचारला जातो : हा अजून चालेल का? बहुधा चालतो, साध्या कॅमेऱ्यात बिघडण्यासारखे फारसे काही नसते. घोडे अडते ते रोलपाशी. ज्या मापाचा रोल बाजारातून गेला, त्या मापाचा धडधाकट कॅमेराही निरुपयोगी ठरतो.

आधी झाकण उघडू नका

आत अर्धवट वापरलेला रोल असू शकतो. पाठीमागे लहान लाल खिडकी असल्यास तीत आकडा दिसतो का, ते पाहावे. पस्तीस मिलिमीटरच्या कॅमेऱ्यात रोल उलटा गुंडाळण्याची कळ हलकेच फिरवावी. ती अडली, तर आत रोल आहे असे समजावे. अनेक दशके पडून राहिलेल्या रोलवरही चित्र उमटू शकते. रंगीत रोल असला तरी तो कृष्णधवल पद्धतीने धुता येतो. आज हयात नसलेल्या माणसाचे एखादे छायाचित्र त्यात असू शकेल. उजेडात झाकण उघडताच ते कायमचे जाईल.

माप ओळखा

भारतात सर्वाधिक आढळणाऱ्या साध्या कॅमेऱ्यांपैकी एक म्हणजे आगफा क्लिक थ्री. वडोदऱ्याच्या न्यू इंडिया इंडस्ट्रीजने तो तयार केला. त्याला १२० क्रमांकाचा रोल लागतो व एका रोलवर बारा चौरस छायाचित्रे येतात. कोडॅकने १९०१ मध्ये आणलेले हे माप आजही तयार होते. क्लिक थ्रीच्या मालकांनी त्यामुळे निश्चिंत राहावे. मात्र लाल खिडकीवर काळी चिकटपट्टी लावावी आणि रोल पुढे सरकवताना तेवढीच ती उचलावी.

६२० क्रमांकाच्या रोलमधील फिल्म १२० इतक्याच रुंदीची असते, फरक केवळ स्पूलचा. त्यामुळे १२० चा रोल पूर्ण काळोखात ६२० च्या स्पूलवर गुंडाळून वापरता येतो. १९१२ पासूनचा १२७ क्रमांकाचा रोल ४६ मिलिमीटर रुंद. तो न मिळाल्यास हौशी मंडळी १२० ची फिल्म त्या रुंदीस कापून घेतात. १९६३ च्या १२६ क्रमांकाच्या कार्ट्रिजमध्ये पस्तीस मिलिमीटरचीच फिल्म भरता येते, परंतु छिद्रांची रचना निराळी असल्याने दोन छायाचित्रांच्या मध्ये लेन्स झाकून बटण पुन्हा दाबावे लागते.

१९८० च्या दशकात घरोघरी पोहोचलेल्या हॉट शॉटला ११० क्रमांकाचे कार्ट्रिज लागे. फुजीफिल्मने हे माप २००९ मध्ये बंद केले; लोमोग्राफी या कंपनीने २०१२ मध्ये ते पुन्हा बाजारात आणले.

या साऱ्यात एक सूत्र आहे. फिल्म कापता येते, भरता येते. पण रिकामे स्पूल किंवा कार्ट्रिज घरी बनवणे अवघड. म्हणून रोल धुवायला देताना ते परत देण्याविषयी आवर्जून सांगावे.

रोल महाग का?

उदगमंडलम येथे १९६० मध्ये स्थापन झालेली हिंदुस्थान फोटो फिल्म्स ही सरकारी कंपनी 'इंदू' नावाने रोल काढीत असे. तो कारखाना बंद पडला आणि आपण परदेशी रोलवर अवलंबून राहिलो. काटकसरीचा जुना मार्ग म्हणजे अर्ध्या चौकटीचा कॅमेरा. १९५९ च्या ऑलिंपस पेनमध्ये छत्तीसच्या रोलवर बहात्तर छायाचित्रे निघतात. हीच युक्ती वापरून पेंटॅक्सने २०२४ मध्ये नवा कॅमेरा काढला.

बॅटरी आणि दमट हवा

जुन्या प्रकाशमापकांना १.३५ व्होल्टची पाऱ्याची बॅटरी लागे. ती आता मिळत नाही. त्याजागी १.५ व्होल्टची साधी बॅटरी घातल्यास अनेक मापक प्रकाश अधिक दाखवतात आणि छायाचित्र काळवंडते. श्रवणयंत्रासाठी मिळणारी झिंक-एअर बॅटरी योग्य व्होल्टच्या जवळची असते. आकार जुळवण्यासाठी लहान कडी बसवावी लागते.

उत्तन, भाईंदरसारख्या खाडी-समुद्रालगतच्या भागात खरा शत्रू म्हणजे पावसाळा. दमट हवेत लेन्सवर बुरशी धरते आणि एकदा तिने काचेचा लेप खाल्ला की डाग जात नाही. कातडी पिशवी ओल धरून ठेवते, म्हणून कॅमेरा तीत ठेवू नये. घट्ट झाकणाच्या डब्यात सिलिका जेलच्या पुड्यांसह तो ठेवावा आणि पुड्या अधूनमधून वाळवाव्यात. स्टीलच्या भांड्यांसाठी प्रसिद्ध असलेल्या भाईंदरात डबा शोधावा लागणार नाही. बॅटरी मात्र आधी काढावी.

घरी रोल धुताना

कृष्णधवल रोल घरी धुता येतो. काळ्या पिशवीत हात घालून रोल टाकीत भरला की पुढचे काम उजेडात होते. मात्र औषधांच्या वेष्टनावरील वेळ बहुधा २० अंश सेल्सिअससाठी दिलेली असते, आणि आपल्या नळाचे पाणी उन्हाळ्यात त्याहून बरेच गरम असते. औषधाची बाटली बर्फाच्या पाण्यात ठेवून तापमान उतरवावे, अन्यथा निगेटिव्ह प्रमाणाबाहेर काळी होते. दुरुस्तीसाठी फोर्टमधील बोरा बाजारचा परिसर अनेक दशके ओळखला जातो.

मुंबईचे दिलीश पारेख यांच्या ४,४२५ कॅमेऱ्यांच्या संग्रहाची २००३ मध्ये गिनीज बुकात नोंद झाली. प्रत्येकाला संग्रह करणे शक्य नाही आणि त्याची गरजही नाही. घरातील एक कॅमेरा वर्षाकाठी दोन रोल चालवला, तर शटर जड होत नाही, बुरशी वेळीच दिसते आणि हात सरावतो. भंगारवाल्याच्या तराजूत या कॅमेऱ्याला किंमत नाही. पण तो देण्यापूर्वी निदान आतले रिकामे स्पूल काढून ठेवावे. दुसऱ्या कुणाचा बंद कॅमेरा त्यावर सुरू होऊ शकतो.