८ सामने विरुद्ध ४ सामने

ऑक्टोबर २०११. इंग्लंडच्या प्रीमियर लीगमध्ये अवघ्या ८ दिवसांच्या अंतराने दोन खेळाडूंवर वर्णद्वेषी शब्द वापरल्याचा आरोप झाला. लिव्हरपूलच्या लुईस सुआरेझवर फुटबॉल असोसिएशनने डिसेंबरमध्येच ८ सामन्यांची बंदी घातली. चेल्सीच्या जॉन टेरीला सप्टेंबर २०१२ मध्ये ४ सामन्यांची. दरम्यान न्यायालयाने टेरीला निर्दोष सोडले होते. पण न्यायालयाला निःसंशय पुरावा लागतो, असोसिएशनला ‘अधिक संभाव्य काय’ एवढे पुरते.

मग शिक्षा निम्मी का? चौकशी समितीच्या मते सुआरेझने तो शब्द ७ वेळा उच्चारला, टेरीने एकाच प्रसंगी. हा भेद मला पटतो. खटकते ते निराळेच: किमान शिक्षा नियमात लिहिलेलीच नव्हती. ती मे २०१३ मध्ये आली, ५ सामन्यांची. म्हणजे टेरीच्या शिक्षेहून एक सामना अधिक.