सावलीच्या काठावरचे किरण

1980 सालच्या जूनमध्ये अमेरिकेतल्या बेल लॅब्समधील टर्नर व्हिटेड यांचा एक निबंध प्रसिद्ध झाला. त्यात चौकटीच्या फरशीवर तरंगणाऱ्या दोन गोलांचे चित्र होते. ते काढायला व्हॅक्स संगणकाला 74 मिनिटे लागली. युक्ती साधी होती. डोळ्यापासून उलट्या दिशेने किरण सोडायचा, तो कशावर आपटला ते पाहायचे, तिथून परावर्तित किरणाच्या मागे जायचे. रे ट्रेसिंग म्हणतात ते हेच, किरणाचा माग काढणे. बहुतेक सगळा वेळ ‘कशावर आपटला’ हे शोधण्यातच जाई.

रेडिओलहरी आणि प्रकाश ही सख्खी भावंडे. त्यामुळे मोबाइल फोन इमारतींत शिरू लागल्यावर हीच पद्धत तिथे वापरायचे कुणाच्या तरी मनात येणारच होते. व्हर्जिनिया टेकमध्ये टेड रॅपापोर्ट आणि त्यांचा विद्यार्थी स्कॉट सायडेल यांनी इमारतीच्या आतला सिग्नल असा मोजून दाखवला (1994). पुढच्याच वर्षी बेल लॅब्सने आपल्या ‘वाइज’ प्रणालीची माहिती छापली. तिच्या लेखकांत ब्रायन कर्निगन हे नाव आहे. होय, सी भाषेच्या पुस्तकातले तेच!

पण भावंडे सख्खी असली तरी स्वभाव वेगळे. 900 मेगाहर्ट्झच्या लहरीची लांबी सुमारे 33 सेंटिमीटर, प्रकाशाची मिलिमीटरच्या हजाराव्या भागाहूनही कमी. म्हणून लहर कोपऱ्यावरून वळते. भिंतीआड गर्द सावली असली तरी तिथला फोन वाजतो. या वळण्याचे गणित जोसेफ केलर यांनी 1962 साली मांडले, पण त्यात एक खोट राहिली. नेमक्या सावलीच्या सीमेवर उत्तर अनंत येई. म्हणजे अंगणात ठीक, आड गेले तरी ठीक, उंबऱ्यावर मात्र गणित कोसळे. ही खोट दूर केली ती ओहायो स्टेट विद्यापीठातील कुयुमजियान आणि प्रभाकर पाठक यांनी. पाठक मुंबई विद्यापीठाचे भौतिकशास्त्राचे पदवीधर. 1973 साली त्यांनी ओहायोत डॉक्टरेट मिळवली आणि 1974 साली दोघांचा तो निबंध आला. आजही लहर कोपऱ्यावर कशी वळते याचा हिशेब करणाऱ्या प्रणालींत त्यांचेच सूत्र असते. आपल्याकडे हे नाव किती जणांनी ऐकले आहे? असो.

आता वेगाची गोष्ट. 2002 साली स्टॅनफर्डचा विद्यार्थी टिम पर्सेल आणि सहकाऱ्यांनी दाखवले की, मुलांच्या खेळांसाठी बनणाऱ्या ग्राफिक्स चिपवर रे ट्रेसिंग करता येईल. गंमत म्हणजे त्यांना हवी तशी चिप तेव्हा बाजारात नव्हतीच. तिची नक्कल संगणकावर रचून त्यांनी मुद्दा सिद्ध केला. प्रत्येक किरण आपापल्या वाटेने जातो, शेजारच्याची वाट पाहत नाही, म्हणून हजारो किरण एकदम हाताळणारी चिप या कामाला नेमकी बसते. पर्सेलचा सहाध्यायी आणि त्याच निबंधाचा सहलेखक इयन बक याने पुढे एनव्हीडियात ‘कूडा’ उभारले (घोषणा 2006). जर्मनीत आखेनला टोबियास रिक आणि रुडॉल्फ माथार 2007 च्या सुमारास ग्राफिक्स कार्डावर रेडिओलहरींचे गणित करतच होते.

2023 साली एनव्हीडियाने ‘सिओना’ या आपल्या मुक्त प्रणालीत रे ट्रेसिंग आणले. नाव आयर्लंडमधल्या शॅनन नदीच्या देवतेचे, आणि अर्थातच माहितीशास्त्राच्या क्लॉड शॅननची आठवण. तिचा पाया ‘मित्सुबा’ हा प्रोग्रॅम, तोही मुळात वेंझेल याकोब याने कॉर्नेलमध्ये विद्यार्थी असताना लिहिलेला. सिओनाला भिंती कशाच्या ते सांगावे लागते, किंवा प्रत्यक्ष मोजमापे दिली तर ती स्वतः अंदाज बांधते. आंतरराष्ट्रीय दूरसंचार संघाच्या तक्त्यात काँक्रीट, वीट, लाकूड, काच, संगमरवर आहेत. जांभा नाही. आपल्या घरांचा चिरा सच्छिद्र, पावसात पाणी पिणारा. जुलैतला ओला चिरा आणि एप्रिलमधला कोरडा चिरा लहरींना सारखा लागणार नाही. फर्मागुढीच्या किंवा वेर्ण्याच्या अभियांत्रिकी महाविद्यालयातल्या एखाद्या विद्यार्थ्याला वर्षभराच्या प्रकल्पात हे मोजता येईल.