मुळशीच्या काठाने

पुण्यात सायकल घेतलेल्या प्रत्येकाच्या आयुष्यात एक मुळशीचा रविवार येतोच. पहाटे चांदणी चौकात जमायचं, भूगाव मागे टाकायचं, पिरंगुटला चहा, पौडला मिसळ. साधारण चाळीस किलोमीटर झाले की उजव्या हाताला पाणी दिसायला लागतं आणि सगळ्यांचे फोन खिशातून बाहेर येतात. पुढे ताम्हिणीच्या दिशेने रस्ता पाण्याच्या कडेकडेने जातो. ज्यांच्या पायात अजून दम आहे ते निव्याजवळून उजवीकडे वळतात आणि पिंपरी, भांबर्डे, तैलबैला करत लोणावळ्याला उतरतात.

मी हा रस्ता चार वर्षांत कितीतरी वेळा केला. पण त्याकडे नीट पाहिलं ते घरी, लॅपटॉपवर. राइडची फाईल नकाशावर उघडली होती. काठालगतच्या टप्प्यात माझी रेघ सारखी आत-बाहेर करत होती. प्रत्येक ओढ्यापाशी आत, प्रत्येक सोंडेपाशी बाहेर. पाण्याचा आकारही बोटं फाकलेल्या हातासारखा. असा काठ पाण्याने भरलेल्या दरीचा असतो. ही बोटं म्हणजे बुडालेल्या ओढ्यांची खोरी. म्हणजे ज्याला आम्ही काठ म्हणतो तो मुळात डोंगराचा उतार आहे. खोऱ्याचा तळ, तिथली शेतं, तिथल्या बैलगाडीच्या वाटा, सगळं पाण्याखाली आहे.

मुळशीचं धरण मुळा आणि नीला या नद्यांच्या संगमाजवळ बांधलेलं आहे. त्यामागची कल्पना एका वाक्यात सांगता येते. सह्याद्रीच्या माथ्यावर प्रचंड पाऊस पडतो आणि या नद्या ते पाणी पूर्वेला घेऊन जातात. त्यांना माथ्याजवळच अडवायचं, पाणी बोगद्यातून पश्चिमेला वळवायचं आणि कोकणात सुमारे ५०० मीटर खाली सोडायचं. एवढ्या उंचीवरून येणारं पाणी टर्बाइन फिरवतं. टाटांनी हे आधी लोणावळ्याच्या परिसरात करून दाखवलं होतं. खोपोलीचं वीजघर १९१५ मध्ये सुरू झालं, भिवपुरीचं १९२२ मध्ये. मुळशीच्या पाण्यावर चालणारं भिरा १९२७ मध्ये. मुंबईच्या गिरण्यांना कोळशापेक्षा स्वस्त वीज हवी होती. १९२५ मध्ये बोरीबंदर ते कुर्ला विजेची गाडीही धावू लागली.

इंजिनिअर म्हणून मला हा आराखडा आजही सुंदर वाटतो. अडचण एवढीच, की त्यातल्या ‘जलाशय’ या चौकोनात माणसं राहत होती.

हे खोरं भाताचं. आंबेमोहोरासाठी मुळशीचं नाव आजही घेतलं जातं. लढ्याच्या काळात ५२ गावं आणि सुमारे ११ हजार माणसं असा आकडा सांगितला जाई. कंपनीकडे सरकारची परवानगी होती. शेतकऱ्यांना मात्र कुणी विचारलं नव्हतं. त्यांच्या शेतात चाचणीचे चर खणायला सुरुवात झाली तेव्हा त्यांना प्रकरण काय आहे ते कळलं.

विनायकराव भुस्कुटे या तरुण कार्यकर्त्याने गावोगाव फिरून लोकांना जागं केलं. मग सेनापती बापट आले. तेव्हा ते नुसते पांडुरंग महादेव बापट होते. ‘सेनापती’ ही पदवी त्यांना याच लढ्याने दिली. १६ एप्रिल १९२१, रामनवमीचा दिवस. सुमारे बाराशे मावळे कामाच्या जागेवर जाऊन बसले. घोषणा होती, ‘जान किंवा जमीन’. काम थांबलं. गांधीजींनी ‘यंग इंडिया’त लिहून टाटांना सुचवलं, की कायद्याच्या हक्कावर अडून न बसता या लोकांशी बोला. कंपनीने सहा महिन्यांची स्थगिती मान्य केली. मुदत संपली आणि खणणं पुन्हा सुरू झालं. मग अटका झाल्या. पुरुष तुरुंगात गेले, बायकाही गेल्या.

हा लढा फक्त पोलिसांच्या जोरावर मोडला असं मी बरेच दिवस समजत होतो. राजेंद्र व्होरा यांनी या सत्याग्रहाचा सविस्तर अभ्यास केला आहे. त्यांच्या इंग्रजी पुस्तकाच्या नावातच हा जगातला पहिला धरणविरोधी लढा असल्याचं म्हटलंय. हा इतिहास वाचताना एक गोष्ट खटकते. खोऱ्यातली बरीचशी जमीन कागदोपत्री कसणाऱ्यांची नव्हतीच. ती पुण्यातल्या सावकारांकडे गेली होती. कसणाऱ्याला जमीन हवी होती आणि मालकाला चांगला भाव. सरकारने मोबदल्यावर संपादनाचा मार्ग मोकळा केल्यावर मालकाचं काम झालं. कुळाच्या हातात काहीच नव्हतं. लढ्याला पुण्यातून पाठिंबा मिळाला हे खरं, पण तो ज्यामुळे पोखरला गेला ते पैसेही पुण्याचेच होते.

शेवटी बापटांनी अहिंसा बाजूला ठेवली. १९२४ च्या अखेरीला त्यांनी साथीदारांसह रुळांवर दगड रचून धरणाच्या कामाची रेल्वे अडवली, तीही हातात शस्त्र घेऊन. त्यांना सात वर्षांची शिक्षा झाली. लढा संपला. तीन वर्षांत धरण पूर्ण झालं. सुमारे दीड किलोमीटर लांबीची ती दगडी भिंत आम्ही दर राइडला पाहतो.

तेव्हाचा कायदा १८९४ चा. त्यात जमिनीचे पैसे द्या एवढंच होतं. माणसांनी पुढे कुठे जायचं याबद्दल एक ओळ नव्हती. महाराष्ट्राने प्रकल्पग्रस्तांच्या पुनर्वसनासाठी स्वतंत्र कायदा केला १९७६ मध्ये. केंद्राने १८९४ चा कायदा बदलला २०१३ मध्ये. मुळशीकरांनी १९२१ मध्ये विचारलेला प्रश्न दिल्लीच्या कायद्यात पोचायला ९२ वर्षं लागली.

गेल्या पावसाळ्यात काठावरच्या एका टपरीवर थांबलो होतो. चहा करणाऱ्या मावशी सत्तरीच्या असतील. मी सहज विचारलं, “मावशी, तुमचं गाव कुठलं?” त्यांनी पाण्याकडे हात केला. “खाली हाय. हे वरचं आत्ताचं.”

हिशोब केला तर धरण भरलं तेव्हा त्यांचा जन्मही झाला नसणार. ते गाव त्यांच्या आजे-सासऱ्यांनी पाहिलेलं. तरी त्या ‘होतं’ म्हणाल्या नाहीत, ‘हाय’ म्हणाल्या. मला पुढे काय बोलावं सुचेना. मी अजून एक चहा मागितला. त्यांनी विचारलं, “तू कुठला रं?” मी म्हटलं, “हिंजवडीला कंपनीत आहे.” “मग मुळशीचाच की,” त्या म्हणाल्या.

मी हसलो, पण ते वाक्य घरापर्यंत सोबत आलं. हिंजवडी मुळशी तालुक्यातच येते. माझ्या ऑफिसच्या पत्त्यात ‘ता. मुळशी, जि. पुणे’ असं लिहिलेलं असतं आणि मी ते फॉर्म भरताना कॉपी-पेस्ट करतो. आमचं आयटी पार्कही शेतजमिनीवरच उभं आहे. दोन्ही गोष्टी सारख्या आहेत असं मी म्हणत नाही. काळ वेगळा आहे, कायदे वेगळे आहेत, मोबदलाही वेगळा. पण आमच्या पार्किंगच्या जागी कुणाचं खाचर होतं हे मी सात वर्षांत एकदाही कुणाला विचारलेलं नाही. शंभर वर्षांपूर्वीच्या सावकाराला नावं ठेवणं त्यामानाने सोपं आहे.

मुळशीला जाऊ नका असं मला अजिबात सांगायचं नाही. जा. जुलैत जा, धुकं असतं, पाणी रस्त्याच्या बरोबरीने चालतं. फक्त निव्याहून वळलात तर पिंपरीपाशी थांबा. समोर कुंडलिकेची दरी एकदम खाली कोसळते. त्या दरीच्या तळाशी भिरा आहे. तुम्ही सकाळभर ज्या पाण्याच्या काठाने आलात ते डोंगराच्या पोटातून तिकडे जातं. तिथे उभं राहिलं की संपूर्ण आराखडा डोळ्यांसमोर येतो. त्यात मागच्या गावांनाही धरा.

माझं ॲप प्रत्येक राइडला आपोआप ‘मॉर्निंग राइड’ असं नाव देतं. त्या रविवारी रात्री मी ते खोडून ‘मुळा-नीला’ लिहिलं. ग्रुपवर एकाने विचारलं, हा कुठला नवीन रूट? म्हटलं, जुनाच आहे, पुढच्या रविवारी चहाला थांबलो की सांगतो.