स्वादुपिंड कुठे असतं?

मागच्या मे महिन्यात रात्री दीडच्या सुमाराला पप्पांच्या पोटात कळ उठली आणि आम्ही त्यांना शेजाऱ्यांच्या गाडीत घालून जामनेरहून जळगावला नेलं. डॉक्टरांनी रक्ताचे रिपोर्ट बघितले आणि 'पॅन्क्रियाटायटिस' असं म्हणून ते पुढच्या पेशंटकडे गेले. आईचा चेहरा बघून नर्सने मराठी केलं, "स्वादुपिंडाला सूज आहे, मावशी."

त्या मराठीने आई जास्त घाबरली. मला कॉरिडॉरच्या टोकाला नेऊन तिने हळूच विचारलं, "अरे, पिंड कशाला म्हणाल्या त्या?"

आईला दोन पिंडी माहीत आहेत. एक महादेवाची, दुसरा दहाव्याला कावळ्यासमोर ठेवतात तो. हॉस्पिटलमध्ये रात्री तीन वाजता यातला कुठला आठवेल हे सांगायला नको. मी म्हणालो, "अगं, पोटातला एक अवयव आहे तो." तिने विचारलं, "कुठं असतो?" मी ठामपणे उजव्या बरगडीखाली हात ठेवला. तिथे यकृत असतं. स्वादुपिंड जठराच्या मागे आडवं पडलेलं असतं, साधारण १५ सेंटीमीटर लांब. हे मला दोन दिवसांनी मोबाइलवर वाचून कळलं. दहावीला विज्ञानात मला शंभरपैकी ९४ होते. 'स्वादुपिंडातून कोणते संप्रेरक स्रवते?' या प्रश्नाचं उत्तर मी आजही झोपेत लिहीन. इन्सुलिन. एक मार्क.

पप्पा आठ दिवसांनी घरी आले, आता बरे आहेत. माझ्या डोक्यात मात्र तो प्रश्न अडकून बसला. मराठी माध्यमात शिकलेल्या मुलाला आणि सातवी झालेल्या त्याच्या आईला एकाच शरीराबद्दल एकमेकांशी बोलता का येऊ नये? कोड लिहिणाऱ्याला नावांचं महत्त्व कळतं. व्हेरिएबलला चुकीचं नाव दिलं तर प्रोग्राम चालतो, पण सहा महिन्यांनी तो कुणालाच वाचता येत नाही. मग ही नावं आली कुठून, हे शोधायला लागलो.

यकृत हा शब्द जुना आहे, आयुर्वेदाच्या ग्रंथांत तो आहे. सुश्रुताने तर शरीर शिकायची रीतच सांगितली आहे. प्रेत गवतात गुंडाळून, पिंजऱ्यात घालून वाहत्या पाण्यात ठेवायचं आणि सात दिवसांनी कुंचल्याने एकेक थर खरवडत बघायचं. त्याने हाडं ३०० मोजली, आज आपण २०६ मोजतो. आकड्यापेक्षा मला हे महत्त्वाचं वाटतं की तो विद्यार्थ्याला डोळ्यांनी बघ म्हणत होता.

आधुनिक शरीरशास्त्र मराठीत शिकवायचा पहिला मोठा प्रयत्न आपल्याला वाटतो त्यापेक्षा फार आधी झाला. १८२६ साली, माउंटस्टुअर्ट एल्फिन्स्टन गव्हर्नर असताना, मुंबईत 'नेटिव्ह मेडिकल इन्स्टिट्यूशन' निघाली. तिचे प्रमुख डॉ. जॉन मॅक्लेनन. शिकवणं देशी भाषांमधून. त्यासाठी मॅक्लेनन यांनी पुस्तकं मराठीत आणायचं काम हाती घेतलं. म्हणजे पॅन्क्रियाजला, नर्व्हला, आर्टरीला मराठीत काय म्हणायचं हा प्रश्न दोनशे वर्षांपूर्वी कुणाच्या तरी टेबलावर होता. १८३२ साली ती शाळा बंद झाली. १८४५ मध्ये ग्रँट मेडिकल कॉलेज उघडलं ते इंग्रजीतून. भाऊ दाजी लाड तिथल्या पहिल्या तुकडीचे. पुढे त्याच कॉलेजात मराठी-गुजरातीचे वर्गही निघाले, पण पहिला मान इंग्रजीलाच राहिला.

याच कॉलेजच्या परिसरात मला डॉ. सखाराम अर्जुन सापडले. आपण त्यांना ओळखतो ते रखमाबाईंचे सावत्र वडील म्हणून. पण त्यांनी गर्भ आणि प्रसूती या विषयांवर एकोणिसाव्या शतकात मराठीत पुस्तकं लिहिली. इथे मला आमचा वर्ग आठवला. शाळेचं नाव सांगत नाही. प्रजननाचा धडा आला तेव्हा सरांनी पुस्तक मिटलं आणि म्हणाले, "हा घरी वाचा." मुली मान खाली घालून बसल्या, मागच्या बाकावर खसखस पिकली. आमच्या लहानपणी, २००७ साली, राज्य सरकारने शाळांमधला लैंगिक शिक्षणाचा कार्यक्रमच थांबवला होता. तेव्हा एकट्या सरांना तरी काय बोल लावणार.

पण माझी खरी चकित व्हायची वेळ पुढे आली, आणि ती आमच्याच जिल्ह्यात. जामनेरहून भुसावळ, तापी ओलांडून फैजपूर आणि तिथून सातपुड्याच्या पायथ्याशी केळीच्या बागांमध्ये खिरोदा. फैजपूरला १९३६ साली काँग्रेसचं ग्रामीण भागातलं पहिलं अधिवेशन झालं, हे आमच्याकडे पोरापोराला माहीत असतं. त्यात पुढे असलेल्या धनाजी नाना चौधरींचं हे खिरोदा. टाटा मूलभूत संशोधन संस्थेने १९७४ मध्ये होमी भाभा विज्ञान शिक्षण केंद्र सुरू केलं आणि त्याच दशकात केंद्राची माणसं खिरोद्याच्या जनता शिक्षण मंडळाबरोबर इथल्या खेड्यांतल्या शाळांमध्ये विज्ञान सुधारायला आली. मुंबईच्या समुद्रकाठच्या संस्थेतले शास्त्रज्ञ, आणि काम रावेर तालुक्यात! मी या जिल्ह्यात अठरा वर्षं राहिलो. मला हे कुणी सांगितलं नव्हतं.

केंद्राचे पहिले संचालक वि. गो. कुलकर्णी. त्यांनी आणि त्यांचे सहकारी गंभीर यांनी एक प्रयोग केला, तो १९८१ मध्ये प्रसिद्ध झाला. प्रयोग ऐकायला अगदी साधा आहे. विज्ञानाचा आशय तोच ठेवायचा, फक्त पुस्तकाची भाषा सोपी करायची. एवढ्यावरच मुलांची समज लक्षणीय वाढली. म्हणजे ज्यांना आपण 'ढ' म्हणत होतो त्यातल्या कितीतरी मुलांना विज्ञान अवघड जात नव्हतं, मराठी अवघड जात होतं. ती मराठी घरात कुणीच बोलत नव्हतं. आमच्याकडे तावडी बोलतात. पुस्तकात 'स्रवते' लिहिलेलं असतं, आई 'पाझरतं' म्हणते. अर्थ तोच, आणि चित्र डोळ्यांपुढे उभं राहतं ते दुसऱ्याने.

स्वादुपिंड हा शब्द मला इंग्रजी 'स्वीटब्रेड'वरून बेतलेला वाटतो. खाटकाच्या दुकानातलं पॅन्क्रियाजचं हे तिकडचं नाव. माझा तर्क बरोबर असेल तर गंमतच आहे. तिकडचा खाटकाचा शब्द आपण संस्कृतात नेऊन ठेवला आणि आपल्या खाटकाचे शब्द वर्गाबाहेर. हिंदीवाले त्याला अग्न्याशय म्हणतात. अग्नीची जागा. पप्पांच्या आजाराला तोच शब्द जास्त लागू पडतो, कारण त्या आजारात अन्न पचवणारा रस बाहेर न पडता त्या अवयवालाच पचवायला लागतो. आईला मी शेवटी असंच सांगितलं. ती म्हणाली, "म्हणजे चूल घरालाच लागली." नंतर भेटायला आलेल्या प्रत्येकाला तिने हेच सांगितलं, आणि कुणालाही दुसऱ्यांदा विचारावं लागलं नाही.

दिवाळीला ताई आणि भाची आल्या. भाची आठवीत, 'मानवी शरीर व इंद्रिय संस्था' पाठ करत होती. मी पुस्तक बाजूला ठेवलं. जुनी वर्तमानपत्रं चिकटवून जमिनीवर पसरली, तिला झोपवून खडूने कडा काढली आणि म्हटलं, आता भर अवयव. तिने हृदय डाव्या खांद्याजवळ काढलं, मूत्रपिंडं पार खाली. मग स्वतःच्या बरगड्या चाचपून खोडली आणि वर सरकवली. एका ठिकाणी अडली. "मामा, आजी म्हणते काळजात धस्स झालं, आणि मटणवाल्याकडे कलेजी म्हणजे लिव्हर. मग काळीज नेमकं कुठलं?" मला उत्तर देता आलं नाही. दोन्ही जागी प्रश्नचिन्ह काढायला सांगितलं.

मग तिला लाएनेकची गोष्ट सांगितली. १८१६ साली पॅरिसमध्ये या डॉक्टरला एका तरुण बाईच्या छातीला कान लावायचा संकोच वाटला, म्हणून त्याने कागदाची गुंडाळी करून ऐकलं, आणि आवाज जास्त स्पष्ट आला. स्टेथोस्कोपचा जन्म तो. भाचीने लगेच जुन्या कॅलेंडरचं पान गुंडाळलं आणि पप्पांच्या छातीला लावलं. "आजोबा, बोलू नका." बराच वेळ ऐकून तिने ती नळी आईला दिली.

आई आधी लाजली. मग पदर सावरून वाकली, कान लावला, आणि हाताने आम्हाला टीव्हीचा आवाज कमी करायला सांगितला.