बाटली प्रवासासाठी जन्मली नव्हती

परदेशातून येताना बॅगेत वाइनची एखादी बाटली आणणं ही आता आपल्याकडे नवलाईची गोष्ट राहिलेली नाही. मुलगी फ्रान्समध्ये शिकायला असते, जावई इटलीत कामाला असतो, आणि सुट्टीत येताना स्वेटरात गुंडाळलेली एक बाटली घरी येते. वाटेत ती फुटणार तर नाही ना, हा घोर मात्र बॅग उघडेपर्यंत सगळ्यांना असतो. आज आपण हाच घोर जरा मागे नेऊन बघू. तो निदान दोन हजार वर्षं जुना आहे, आणि त्याच्या खुणा आपल्या नेवाशाच्या मातीतही सापडल्या आहेत.

इसवी सनाच्या पहिल्या शतकात एका ग्रीक भाषिक व्यापाऱ्याने लिहिलेलं 'पेरिप्लस' आपल्याला माहीत आहे. भडोच बंदरात काय माल उतरतो याची यादी त्यात आहे, आणि त्या यादीत वाइन आहे. मुख्यतः इटलीची, शिवाय लाओडिकियाची आणि अरबस्तानची. याच ग्रंथात भडोचहून पैठण वीस दिवसांच्या वाटेवर आणि तिथून पूर्वेला तेर दहा दिवसांवर असल्याचं म्हटलं आहे. नेवासे, तेर, जुन्नर, घारापुरी अशा ठिकाणी ज्या मातीच्या भांड्यांची खापरं मिळाली, त्यांना आपले पुरातत्त्वज्ञ अँफोरा म्हणत आले. पुढे ती खापरं पुन्हा तपासली गेली, तेव्हा त्यातली बरीचशी रोमन नसून मेसोपोटेमियाकडच्या लांबट रांजणांची निघाली. त्यांना आतून डांबराचा लेप असे. म्हणजे 'सातवाहनकालीन दख्खनमध्ये सगळे इटालियन वाइन पीत होते' असं जे कधीकधी उत्साहाने सांगितलं जातं, ते थोडं आवरूनच घ्यायला हवं. भांडी आली, लांबून आली, आणि काही तरी रोमन जगातून आली, एवढं पक्कं.

आता हे भांडं बघा. दोन कान, अरुंद गळा आणि खाली टोकदार बूड. टेबलावर ठेवलं तर आडवं होणार. मग असा घाट का? तर ते टेबलासाठी नव्हतंच, ते जहाजासाठी होतं. वरच्या थराचं टोक खालच्या थरातल्या भांड्यांच्या खांद्यांमधल्या फटीत बसतं. ओतताना तेच बूड तिसरा कान म्हणून हातात धरता येतं. फ्रान्सच्या दक्षिण किनाऱ्याजवळ, माद्राग द जियाँ इथे, १९६७ साली इसवी सनापूर्वीच्या पहिल्या शतकातलं एक बुडालेलं जहाज सापडलं. त्यात सहा हजारांवर अँफोरा होते, तीन थरांत रचलेले, आणि धक्का लागू नये म्हणून मध्ये झुडपांच्या काटक्या आणि लव्हाळी कोंबलेली. आपण बाटलीभोवती स्वेटर कोंबतो, त्याचा हा पूर्वज. एकेक रिकामं भांडंच पंचवीसेक किलोचं, आणि आत साधारण तेवढीच वाइन. निम्मं भाडं मातीचं! विमानतळावरच्या वजनकाट्यापुढे हा हिशेब मांडून बघा.

हा तोटा लाकडी पिंपाने भरून काढला. आल्प्सच्या भागातले लोक वाइन लाकडी भांड्यांत भरून त्यांना कड्या ठोकतात, असं प्लिनीने नोंदवून ठेवलं आहे. पिंप हलकं, ते सहसा फुटत नाही, आणि मुख्य म्हणजे एक माणूस ते लोटत नेऊ शकतो. त्यामुळे पुढची दीड हजार वर्षं वाइनचा प्रवास म्हणजे पिंपाचाच प्रवास होता. पण पिंपाचे दोन दोष. एक, लाकडातून हवा जाते आणि एकदा तोंड उघडलं की वाइन आंबायला लागते. दुसरा दोष माणसांचा. गाडीवान, खलाशी, गुदामवाला, कुणीही थोडी काढून पाणी घालावं, आणि पिणाऱ्याला कळू नये. दूधवाल्याशी ज्यांचा व्यवहार आहे त्यांना हे जास्त समजावून सांगायला नको.

मदेराची गोष्ट मात्र इथे थांबून सांगायला हवी, कारण ती आपल्या दारावरून जाते. मदेरा हे अटलांटिकमधलं पोर्तुगीज बेट. भारताकडे निघालेली जहाजं तिथे थांबून वाइनची पिंपं भरून घेत. विषुववृत्त ओलांडताना तळघरात उकाडा, वर जहाजाचं हिंदकळणं. साधी वाइन यात खलास होते. मदेराची वाइन, आणि विशेषतः अठराव्या शतकात तिच्यात ब्रँडी मिसळायला लागल्यावर, उलट सुधारायची. म्हणून काही पिंपं नुसती फिरवून परत आणत. अशा वाइनला 'व्हिन्यो दा रोदा', म्हणजे फेरी मारून आलेली वाइन, असं नावच पडलं. मुंबई, मद्रास, कलकत्त्याच्या कंपनी साहेबांच्या टेबलावर मदेरा इतकी का, याचं उत्तर नुसत्या आवडीत शोधू नये. उष्णतेतून जिवंत पोहोचणारी वाइन तीच होती.

मग बाटली कुठे होती? बाटली घरी होती. काच जुनीच, पण पातळ. टस्कनीतल्या 'फियास्को' बाटलीभोवती गवत विणलेलं असतं ना, ती शोभा नव्हे, ते पॅकिंग. १६१५ साली इंग्लंडच्या पहिल्या जेम्स राजाने काचेच्या भट्ट्यांत लाकूड जाळायला बंदी केली, कारण लाकूड आरमाराला हवं होतं. भट्ट्या कोळशावर गेल्या, आच वाढली, आणि जाड, गडद, दणकट काच निघू लागली. हे आरमारी धोरणाचं उपफळ! तरीही इंग्लंडमध्ये १६३६ पासून १८६० पर्यंत बाटलीतून वाइन विकायला बंदी होती. हाताने फुंकलेल्या बाटल्यांचं माप सारखं नसे, आणि गिऱ्हाईक फसे. म्हणून श्रीमंत लोक स्वतःच्या बाटल्या करवून घेत आणि दुकानातल्या पिंपातून भरून आणत. सॅम्युअल पीप्सने १६६३ च्या रोजनिशीत आपल्या चिन्हाच्या नव्या बाटल्या भरताना बघितल्याचं मोठ्या कौतुकाने लिहिलं आहे.

बाटली प्रवासाला काढली ती शँपेनने, कारण बुडबुडे पिंपात टिकत नाहीत. १७२८ मध्ये पंधराव्या लुईच्या फर्मानाने शँपेनची वाइन पन्नास किंवा शंभर बाटल्यांच्या टोपल्यांतून न्यायला परवानगी मिळाली. १७३५ मध्ये बाटलीचं वजन आणि बूच दोरीने कसं बांधायचं हेही ठरवून दिलं. तरी बाटल्या फुटतच, आणि वाटेतच नव्हे तर तळघरात, आपोआप. साखर किती घातली तर दाब किती होईल याचा हिशेब १८३६ साली शालोनच्या एका औषधविक्रेत्याने, फ्राँस्वा याने, मांडला, तेव्हा कुठे हे प्रमाण घटू लागलं.

बाकीची वाइन मात्र विसाव्या शतकातही पिंपातूनच निघत होती आणि पोहोचलेल्या गावी बाटलीत भरली जात होती. मूतों रोथशिल्डने १९२४ मध्ये सगळी वाइन स्वतःच्या आवारात भरायला सुरुवात केली. बोर्दोच्या नामवंत वाड्यांना ते सक्तीचं झालं १९७२ मध्ये. म्हणजे 'मालकाने भरलेली, बूच न हललेली बाटली आपण घरी नेतोय' ही खात्री आपल्या आजोबांच्या काळातली. आमच्या मते बॅगेतून आपण जे जपून आणतो ते हेच. चव काय, ती पिंपातूनही आली असती.

विमानाने यात फारसं नवं आणलं नाही, भीती मात्र नवी दिली. वर गेल्यावर बूच उडेल, ही त्यातली सगळ्यात लाडकी. सामानाच्या कक्षातही केबिनसारखाच दाब राखलेला असतो. तो समुत्रसपाटीच्या तीन चतुर्थांशाच्या आसपास उतरतो, इतकंच. शँपेनच्या बाटलीत आधीच पाच-सहा वातावरणांचा दाब आहे, तिला हा पाव फरक जाणवायचाही नाही. बाटली फुटते ती पट्ट्यावर आपटून किंवा दुसऱ्या बाटलीवर आदळून. पूर्वी लोक ती हातातच घेऊन बसत. १० ऑगस्ट २००६ ला लंडनमध्ये द्रवस्फोटकांचा कट उघड झाला, आणि त्या वर्षाच्या अखेरीपर्यंत शंभर मिलिलिटरची मर्यादा युरोपभर आली. तेव्हापासून ड्यूटी फ्रीची सीलबंद पिशवी सोडली तर बाटलीला सहसा बॅगेच्या पोटातच जावं लागतं.

तिथे मग जुनंच शास्त्र. बाटली कडेला नको, मध्यभागी. काच काचेला लागू द्यायची नाही, चारही बाजूंनी कपडे दाबून भरायचे, आत पोकळी ठेवायची नाही, आणि बाहेरून दोन प्लास्टिकच्या पिशव्या, म्हणजे फुटलीच तर बाकीचं सामान वाचेल. मे महिन्यात उतरत असाल तर बॅग गाडीच्या डिकीत तासन्‌तास ठेवू नका, कारण साध्या वाइनचं मदेरा होत नाही. आणि आपल्या बॅगेज नियमांत माणशी दोन लिटरच शुल्काविना येतं. ७५० मिलिलिटरच्या दोन बाटल्या दीड लिटर भरतात, तिसरी घेतली की सव्वादोन. हा पाव लिटर कस्टमच्या टेबलावर सांगावा लागतो.